नाइटिंगेलबाई आणि गावोगावच्या आरोग्यशिक्षिका

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत संतांची, समाजधुरीणांची व देशभक्तांची चरित्रे आजवर पुष्कळ प्रसिद्ध झाली आणि ती तशी व्हावीत हे योग्यच होय. यंदा आम्ही एका परदेशी विदुषीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव ज्याच्या कानी पडले नाही असा शाळा शिकलेला मनुष्य विरळा. रात्रीच्या समयी हाती दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी करुणामूर्ती, हे बाईंचे चित्र लहानथोरांच्या मनावर ठसलेले आहे. शिक्षक या नात्याने आम्हीही ते चित्र मुलांपुढे अनेक वर्षे उभे केले. परंतु तो दिवा जळला तो सारा पावणेदोन वर्षे. त्यानंतर बाई चौपन्न वर्षे जगल्या, आणि या दीर्घ काळात त्यांनी जे कार्य केले त्याची वार्ता सर्वसामान्य वाचकांस क्वचितच असते. खेड्यापाड्यांतील गृहिणींना पाणी, सांडपाणी, मैला व घराची स्वच्छता यांविषयी समजावून सांगणाऱ्या शिक्षिका तयार करणे, हा त्या कार्याचा अखेरचा आणि आमच्या मते अत्यंत मननीय असा भाग होय. त्याचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. प्रस्तुत लेखात बाईंचे समग्र चरित्र थोडक्यात सांगून त्या भागाचा आम्ही किंचित विस्ताराने विचार करणार आहोत.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. आईबाप प्रवासात असताना कन्या जन्मली, म्हणून नगरीचेच नाव तिला मिळाले. वडील बहीण पार्थेनोपी ही नेपल्स येथे जन्मली होती, व त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव तिला दिलेले होते. घराणे सधन होते. डर्बीशायर व हॅम्पशायर अशा दोन परगण्यांत त्यांची घरे होती. पिता विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ असल्यामुळे त्यांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय स्वतः शिकविले. धाकटीला गणिताची विलक्षण गोडी होती. त्या काळी श्रीमंतांच्या मुलीने गणित शिकावे ही कल्पनाच घरच्यांस रुचेना. तथापि हट्टाने तिने तीही विद्या संपादिली. ही गणिताची आवड पुढे सहस्रावधी माणसांचे प्राण वाचविण्यास कारण झाली, हे वाचकांस लवकरच दिसून येईल.

वयाच्या सोळाव्या वर्षी, फेब्रुवारी १८३७ मध्ये, परमेश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली आहे असा अनुभव बाईंना आला. सेवा कोणती याचा उलगडा होण्यास काही वर्षे गेली. १८४५ साली त्यांनी एका रुग्णालयात जाऊन शुश्रूषा शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा घरात एकच कल्लोळ झाला. तत्कालीन इंग्लंडात रुग्णालयातील परिचारिकेचे काम हीन समजले जाई. दारूचे व्यसन असलेल्या, निरक्षर व निराधार स्त्रियांचा तो धंदा, अशी लोकांची समजूत होती व ती सर्वस्वी निराधारही नव्हती. बाईंनी माघार घेतली, पण निश्चय सोडला नाही. पहाटे उठून सरकारी अहवाल वाचावेत, रुग्णालयांची टिपणे करावीत, असा त्यांचा गुप्त अभ्यास वर्षानुवर्षे चालला. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील संस्थेत त्यांनी सुमारे तीन महिने शिक्षण घेतले, आणि १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका लहानशा शुश्रूषागृहाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. त्या वेळी त्यांचे वय तेहेतीस वर्षांचे होते.

पुढील वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी सैनिकांची दैना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच लोकक्षोभ उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून बाई अडतीस परिचारिका घेऊन निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुटारी येथील बराकीच्या रुग्णालयात दाखल झाल्या. तेथील स्थिती वर्णनापलीकडची होती. अंथरुणे नाहीत, स्वच्छ कपडे नाहीत, अन्न धड नाही. बाईंनी धुण्याची व्यवस्था केली, स्वयंपाकघर उभारले, लागेल तो माल स्वतःच्या व लोकांनी दिलेल्या पैशांतून आणविला. रात्री हाती दिवा घेऊन त्या मैलोगणती खाटांतून फिरत, ही गोष्ट खरीच आहे.

पण इतके करूनही मृत्यू थांबले नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या रुग्णांपैकी शेकडा ४२ मरत होते. बाईंच्या सेवेत तर तिळमात्र न्यून नव्हते. मग न्यून होते कोठे? मार्च महिन्यात इंग्लंडहून एक आरोग्य मंडळ आले. डॉ. सदरलंड, डॉ. गॅव्हिन आणि इंजिनियर रॉबर्ट रॉलिन्सन हे तिघे तिचे सभासद होते. त्यांना असे आढळले की, ही भव्य इमारत तुंबलेल्या गटारांवर व मैल्याच्या खड्ड्यांवर उभी आहे, त्यांतील दूषित वायू वर खोल्यांत शिरतो, आणि पाण्याच्या पाटात मेलेले जनावर कुजत पडले आहे. मंडळाने गटारे उपसून धुविली, भिंतींस चुना दिला, हवा खेळती केली, पाण्याचा मार्ग शुद्ध केला. पहिल्या पंधरवड्यातच साडेपाचशेहून अधिक हातगाड्या व टोपल्या भरून घाण बाहेर काढण्यात आली. जून महिन्यापर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले.

युद्ध संपून १८५६ साली बाई परत आल्या तेव्हा त्यांची स्वतःची समजूत अशी होती की, उपासमार व श्रम यांनी खंगलेले शिपाई रुग्णालयात फार उशिरा पोहोचले, म्हणून ते दगावले. परंतु संख्याशास्त्रज्ञ डॉ. विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी मृत्यूचे आकडे महिन्यावार मांडून पाहिले, तेव्हा सत्य निराळेच निघाले. अधिकांश शिपाई शत्रूच्या गोळीने मेले नव्हते. ते टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते, आणि त्या रोगांस रुग्णालयातील घाण कारण झाली होती. हा निष्कर्ष बाईंच्या कीर्तीस भूषणावह नव्हता. तरीही त्यांनी तो दडविला नाही, उलट रंगीत आकृत्या काढून राजदरबारी व लोकांपुढे मांडला. १८५८ साली संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. त्या मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सभासद होत. रोग्याच्या उशाशी कितीही माया ओतली तरी पायाखालचे गटार तुंबलेले असेल तर ती माया व्यर्थ होय, हा धडा स्कुटारीने त्यांना दिला व त्यांचे पुढील सर्व आयुष्य या एका धड्यावर उभे राहिले.

क्रिमियात जडलेल्या दुखण्यामुळे बाई पुढे बहुतेक काळ अंथरुणास खिळून असत. लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घरातून त्यांची लेखणी मात्र अखंड चाले. १८६० साली, लोकांनी त्यांच्या गौरवार्थ जमविलेल्या निधीतून सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. त्याच सुमारास त्यांचे 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. हे पुस्तक रुग्णालयातील परिचारिकांसाठी लिहिलेले नव्हते, घरात मुलांचे व आजाऱ्यांचे पाहणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी ते होते. स्वच्छ हवा, स्वच्छ पाणी, मैला वाहून नेण्याची सोय, टापटीप आणि उजेड ही घराच्या आरोग्याची पाच अंगे त्यांनी त्यात सांगितली. १८६१ साली कष्टकरी वर्गासाठी त्याची स्वस्त आवृत्ती निघाली आणि तान्ह्या बाळाची निगा कशी राखावी याचे एक प्रकरण तीत नव्याने घातले गेले. घरोघरच्या स्त्रीला शहाणे करावे हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासूनच होता.

आता हिंदुस्थानाकडे वळू. बाईंनी या देशात कधीही पाऊल टाकले नाही. पण येथील आरोग्याचा त्यांनी केला तितका अभ्यास त्या काळी येथे नांदणाऱ्या फार थोड्या अधिकाऱ्यांनी केला असेल. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली एक राजकीय आयोग नेमण्यात आला. बाईंनी छापील प्रश्नावली तयार करून प्रत्येक लष्करी ठाण्यास धाडली. आलेल्या उत्तरांचे गठ्ठे वाचून काढले व त्यांचे सार स्वतः लिहिले. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाची पाने दोन हजारांवर होती. हजार शिपायांमागे वर्षाला ६९ शिपाई मरतात, असे त्यावरून दिसून आले. पिण्याचे पाणी उघड्या तळ्यांतून व विहिरींतून येते, भिस्ती ते पखालींतून वाहतो, मोऱ्या जवळजवळ नाहीतच, अशी स्थिती ठिकठिकाणी होती. १८६४ साली मुंबई, मद्रास व बंगाल या इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. १८७३ साली बाईंनी याच विषयावर एक निबंध लिहिला, तोपर्यंत मृत्यूचे प्रमाण हजारी १८ वर आलेले होते.

फौजेचे आरोग्य सुधारू लागले तसतसे एक सत्य बाईंच्या ध्यानी आले. छावणी कितीही स्वच्छ केली तरी शेजारच्या गावात पटकी असेल तर ती कुंपण ओलांडून येणारच. म्हणून त्यांची दृष्टी शिपायांवरून रयतेकडे गेली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने त्यांचे मन हेलावले. दख्खनच्या शेतकऱ्याची उपासमार व सावकारी पाश यांवर त्यांनी १८७८ साली 'द पीपल ऑफ इंडिया' हा लेख इंग्लंडच्या एका प्रमुख मासिकात लिहिला. उपाशी मनुष्यास स्वच्छतेचा उपदेश करणे व्यर्थ आहे, ही जाणीव त्यांना होती. म्हणून पाटबंधारे, कर्ज व शेतसारा हे विषयही त्यांनी आरोग्याच्या कक्षेत आणले.

१८८९ साली मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. गावातल्या गावात पंचांनी पाणी व साफसफाई यांकडे लक्ष द्यावे असा त्याचा रोख होता. बाईंनी त्यात फार आस्था घेतली. परंतु केवळ कायद्याने विहीर शुद्ध होत नाही हे त्या जाणून होत्या. या सुमारास त्यांचा पत्रव्यवहार आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी चालू होता. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या पुढाकाराने १८७० साली स्थापन झालेल्या या सभेने न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली लोकांच्या गाऱ्हाण्यांस वाचा फोडली होती. १८९१ साली बाईंनी सभेच्या चिटणीसांस ग्रामस्वच्छतेविषयी पत्र लिहिले आणि ते सभेच्या त्रैमासिकात छापले गेले. आरोग्याची जाणीव वरून हुकूम देऊन उत्पन्न होत नसते. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे अशा त्यांच्यातल्याच सुशिक्षितांनी ती गावोगाव पोहोचविली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. लंडनमध्ये बसलेल्या वृद्ध बाईंनी सरकारबरोबरच पुण्यातील एका लोकसभेस साहाय्य मागावे, यातच त्यांची दूरदृष्टी दिसून येते.

पण लोकांना शिकविणारे शिक्षक आणावयाचे कोठून? या प्रश्नाचे उत्तर बाईंनी प्रथम स्वतःच्या देशात शोधले. त्यांची बहीण पार्थेनोपी ही बकिंगहॅमशायर परगण्यातील क्लेडन येथील सर हॅरी व्हर्नी यांना दिली होती. तेथे राहावयास गेल्या असता बाईंनी इंग्लंडातील खेड्यांची स्थिती जवळून पाहिली होती. जगावर राज्य करणाऱ्या देशाच्या खेड्यांत विहिरीशेजारी उकिरडा होता, सांडपाणी दारात मुरत होते, निजण्याच्या खोल्या कोंदट होत्या आणि मुले वर्षाच्या आत दगावत होती. सर हॅरींचे पुत्र फ्रेडरिक व्हर्नी हे तेथील शिक्षण समितीत प्रमुख होते. पैशाची सोय मोठ्या मौजेने झाली. दारूवरील जकातीचा काही भाग १८९० च्या कायद्याने परगण्यांच्या मंडळांस मिळू लागला होता व तो धंदेशिक्षणाकडे वापरता येत असे. त्या पैशातून स्त्रियांना आरोग्यशिक्षण द्यावे, असे बाईंनी सुचविले. अशा रीतीने मद्याचा पैसा शुद्ध पाण्याच्या कामी आला.

१८९२ साली हा प्रयोग सुरू झाला. बकिंगहॅमचे आरोग्याधिकारी डॉ. डिॲथ यांनी निवडक सुशिक्षित स्त्रियांना व्याख्याने दिली. विषय साधेच होते. विहीर दूषित कशी होते, पिण्याचे पाणी कसे राखावे, सांडपाणी व केरकचरा यांची वाट कशी लावावी, मातीच्या संडासातील खत बागेत कसे वापरावे, दूध कसे सांभाळावे, बिछान्यास हवा कशी द्यावी, अंग व कपडे स्वच्छ कसे ठेवावेत, तान्ह्या मुलास काय द्यावे व काय देऊ नये. आमच्यासारख्या प्राथमिक शिक्षकास यात नवीन असे काही दिसणार नाही. नवीन होती ती शिकविण्याची रीत. डॉक्टर या स्त्रियांना केवळ वर्गात बसवून ठेवीत नसत, तर बरोबर घेऊन खेड्यांत जात, गरिबांच्या घरी नेत, काय पाहावे व कसे बोलावे हे प्रत्यक्ष दाखवीत. त्यानंतर परीक्षा होई. पण परीक्षेतील गुणांवरच निवड होत नसे. बोलण्यातील मार्दव, दुसऱ्याच्या उंबरठ्याचा मान राखण्याची बुद्धी आणि खेड्यातील आयांच्या दिनक्रमाची माहिती हे गुणही पाहिले जात. उत्तीर्ण स्त्रियांनी मग गावात आयांचे वर्ग भरवावेत, त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने संवाद करावा, आणि नंतर त्यांच्या घरी जाऊन जे सांगितले ते हाताने करून दाखवावे, असा क्रम होता.

या योजनेतील दोन मुद्दे विशेष ध्यानी घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, ज्यांनी जन्मभर परिचारिका घडविल्या त्या बाईंनी हे काम परिचारिकेचे नव्हे असे ठरविले. आजाऱ्याची शुश्रूषा ही एक विद्या आणि निरोग्यास निरोगी राखणे ही दुसरी विद्या. दोहोंस स्वतंत्र शिक्षण पाहिजे, असे त्यांचे मत होते. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनासाठी लिहिलेल्या निबंधात त्यांनी हाच भेद सविस्तर मांडला. दुसरा मुद्दा असा की, आरोग्यशिक्षिका ही तपासनीस नव्हे. तपासनीस आला की घरची बाई घाण झाकते. मैत्रीण आली तर ती दाखविते व उपाय विचारते. ज्याला गावात काम करावयाचे आहे त्याने हे वाक्य... किंबहुना हा विचार मनात कोरून ठेवावा, असे आम्हास वाटते. आमच्या शिक्षकी पेशातही साहेबांची तपासणी आणि अनुभवी सहकाऱ्याची भेट यांत हेच अंतर असते.

घरोघर आरोग्याचा उपदेश करणाऱ्या स्त्रिया नेमण्याची कल्पना सर्वप्रथम बाईंना सुचली असे नव्हे. मँचेस्टर व सॅल्फर्ड येथील स्त्रियांच्या मंडळाने १८६२ पासून तशा बाया धाडण्यास आरंभ केला होता. परंतु त्या कामास रीतसर पाठ्यक्रम, प्रत्यक्ष अनुभव, परीक्षा व प्रमाणपत्र यांची जोड देण्यात नाइटिंगेलबाईंचे श्रेय मोठे आहे. बकिंगहॅमशायरमधील प्रयोग लहान होता, शिक्षिका मोजक्याच होत्या. तथापि पुढे इंग्लंडात 'हेल्थ व्हिजिटर' हा स्वतंत्र पेशा उभा राहिला, त्याच्या पायाभरणीत या प्रयोगाची गणना होते. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या 'रूरल हायजीन' या निबंधात बाईंनी त्याची हकीकत व त्यातून निघालेले धडे लिहून ठेविले.

बाईंच्या मनात मात्र हिंदुस्थान होताच. १८९४ साली बुडापेस्ट येथे भरलेल्या आरोग्य परिषदेसाठी त्यांनी हिंदुस्थानातील ग्रामस्वच्छतेवर निबंध पाठविला. हिंदी राष्ट्रसभेच्या वतीने लंडनहून निघणाऱ्या 'इंडिया' या पत्रात त्यांनी हिंदी खेड्यांतील आरोग्यविषयक व्याख्यानांवर १८९३ साली, व तेथील आरोग्यशिक्षकांवर १८९६ साली लेख लिहिले. खेड्यांत जादूच्या दिव्याच्या साहाय्याने चित्रे दाखवून व्याख्याने द्यावीत, शिकविणारी माणसे त्याच देशातील व त्याच भाषेतील असावीत, आणि स्त्रियांपर्यंत स्त्रियांनीच पोहोचावे, असा त्यांचा आग्रह होता. गावाकडून घेतल्या जाणाऱ्या उपकराचा पैसा प्रथम गावाच्याच स्वच्छतेवर खर्ची घालावा, अशी मागणीही त्यांनी १८९२ साली इतर मान्यवरांच्या सह्यांसह सरकारपुढे ठेवली होती. या वेळी त्यांचे वय बहात्तर वर्षांचे होते, व दृष्टी मंदावत चालली होती.

चरित्रकाराने केवळ गुण गाऊ नयेत, म्हणून एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. रोगजंतूंची उपपत्ती बाईंनी पुष्कळ काळ स्वीकारली नाही. घाण व दूषित हवा हीच रोगाची मुळे, असे त्या मानीत. जंतूंच्या शोधामुळे लोक स्वच्छता सोडून केवळ विलगीकरणाच्या मागे लागतील, ही भीती त्यामागे होती. शास्त्राने त्यांची उपपत्ती पुढे अपुरी ठरविली. परंतु पाणी शुद्ध ठेवा, मैला दूर न्या, हवा खेळती ठेवा, हे त्यांचे उपाय जंतुशास्त्राने अधिकच दृढ केले. कारण अपुरे कळले असताही आकड्यांच्या आधारे उपाय अचूक धरला, ही त्यांच्या बुद्धीची थोरवी होय.

१९०७ साली इंग्लंडच्या राजाने त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा बहुमान दिला. तो मिळालेली ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. राजे व कवी जेथे चिरनिद्रा घेतात त्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाची जागा देऊ करण्यात आली होती. घरच्यांनी बाईंच्या इच्छेस अनुसरून ती नाकारली. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथील खेडेगावच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी असून तीवर नावाची केवळ दोन आद्याक्षरे व जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.

आता हे चरित्र ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत का, याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. आपल्या देशात स्वच्छतेचे काम शतकानुशतके एकेका ज्ञातीच्या माथी मारले गेले आणि ज्यांनी घाण केली ते स्वतःस शुद्ध म्हणवीत राहिले. मैला हाताने उचलविण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, यावरून ती किती खोल रुजलेली होती हे दिसते. संत गाडगे महाराजांनी हाती खराटा घेतला, कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः करून दाखविले, त्याचे मर्म हेच की आपली घाण ही आपली जबाबदारी होय. नाइटिंगेलबाईंची आरोग्यशिक्षिका घरच्या बाईला दुसऱ्या कोणावर अवलंबून राहावयास शिकवीत नसे. स्वतःची विहीर, स्वतःची मोरी व स्वतःचा उकिरडा यांकडे पाहावयास शिकवीत असे. ज्ञातीज्ञातींची मंडळे निघाली ती आपापल्या माणसांच्या उन्नतीसाठी. त्या उन्नतीत हा धडा नसेल तर ती अपुरी राहील.

आम्ही तीन तपांहून अधिक काळ खेड्यांतील प्राथमिक शाळांत घालविला. आरोग्याचे नियम घडाघडा म्हणणारा विद्यार्थी मधल्या सुट्टीत माठात हात बुडवून पाणी काढी, कारण ओगराळे कोठेतरी पडलेले असे. पाठ पाठ होता, सवय नव्हती. ज्या वर्षी आम्ही माठाशेजारी खुंटी ठोकून ओगराळे टांगले व रोज एका मुलास त्याचा कारभारी नेमले, त्या वर्षी काही न सांगता मुले वळणावर आली. बाईंनी व्याख्यानापाठोपाठ घरभेटीची योजना का केली, हे आम्हास तेव्हा कळले.

आज आपल्या राज्यात हे काम करणाऱ्या स्त्रिया गावोगाव आहेत. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' कार्यकर्तीची नेमणूक झाली. ती त्याच गावची रहिवासी असावी हा नियम बाईंच्या विचाराशी किती जुळतो, हे वाचकांनी पाहावे. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावच्या पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत व टाकीत टी. सी. एल. पावडर टाकतो. यांतील कित्येक माणसे आपल्याच ज्ञातीतील, आपल्याच नात्यागोत्यातील आहेत. पण मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शाल व श्रीफळ कोणास मिळते? डॉक्टर झालेल्या मुलास मिळते, परदेशी गेलेल्या इंजिनियरास मिळते, आणि ते त्यांनी अवश्य घ्यावे. उन्हातान्हात दारोदार फिरून पाणी उकळा, हात धुवा, शोषखड्डा खणा असे सांगणारी भगिनी मात्र त्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेली असते. तिचे शिक्षणही पुष्कळदा दोन दिवसांच्या शिबिरात आटोपले जाते, आणि कागदावर सही झाली की ते पुरे झाले असे मानतात. प्रत्यक्ष घरी नेऊन शिकविणारा डॉ. डिॲथ तिच्या वाट्यास क्वचितच येतो.

यास्तव मंडळाच्या कार्यकारिणीस आमची नम्र सूचना अशी आहे. विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी निदान दोन मुलींना आरोग्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी साहाय्य द्यावे. आपल्या ज्ञातीतील निवृत्त डॉक्टर व परिचारिका यांनी वर्षातून काही दिवस गावी जाऊन आशा भगिनींना व जलसुरक्षकांना, कोणत्याही ज्ञातीचे असोत, बरोबर घेऊन घरोघर फिरावे. वर्गात बसवून नव्हे. आणि पुढील मेळाव्यात ज्या गुणवंतांचा सत्कार व्हावयाचा त्यांत अशा एका तरी कार्यकर्तीचे नाव असावे. विहिरीचे पाणी ज्ञाती विचारून दूषित होत नाही, म्हणून हे कार्य आपल्या ज्ञातीपुरते राहणार नाही, आणि राहूही नये. कार्यकारिणी या सूचनेचा विचार करील अशी आशा बाळगून आम्ही येथे लेखणी ठेवतो.